अँटनी मॅकडॉनेल : कुळांचा कैवारी, साम्राज्याचा चाकर

ब्रिटिश अंमलदार म्हटला की आपल्या मनश्चक्षूंपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. गोरापान इंग्रज, प्रॉटेस्टंट पंथाचा, ऑक्सफर्ड वा केंब्रिजमध्ये शिकलेला, संध्याकाळी जिमखान्यावर जाणारा आणि रविवारी चर्च ऑफ इंग्लंडच्या देवळात सरकारी इतमामाने बसणारा. हे चित्र खोटे नव्हे, पण ते अपुरे आहे. हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत असेही काही लोक होते की जे स्वतःच इंग्रजांनी जिंकलेल्या देशातून आले होते आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना केवळ ते कॅथलिक म्हणून जमीन विकत घेण्याची वा सरकारी हुद्दा धारण करण्याची मुभा नव्हती. अशांपैकी सर्वांत वर चढलेला अंमलदार म्हणजे सर अँटनी पॅट्रिक मॅकडॉनेल. नागरी लिपीच्या इतिहासात, दुष्काळनिवारणाच्या इतिहासात आणि आयर्लंडच्या जमीनसुधारणेच्या इतिहासात त्याचे नाव येते. पण या तिन्ही इतिहासांतील मॅकडॉनेल एकच, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

त्याचा जन्म ७ मार्च १८४४ रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात, एका लहानशा कॅथलिक जमीनदार घराण्यात झाला. पुढच्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडला. १८४५ ते १८४९ या वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८० लाखांवर असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. मेयो हा या आपत्तीत सर्वांत जास्त होरपळलेल्या परगण्यांपैकी एक. आणि त्याच काळात धान्याने भरलेली गलबते आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे जात होती. ज्या कुळांनी खंड थकवला त्यांच्या झोपड्यांची छपरे उतरवून त्यांना रस्त्यावर काढले जात होते. मॅकडॉनेलला हे प्रत्यक्ष आठवणे शक्य नव्हते, तो तान्हा होता. पण मेयोमध्ये वाढलेल्या त्या पिढीतील कोणत्याही मुलाला ही कथा वेगळी शिकवावी लागत नसे. पडकी घरे तिथेच होती.

त्याचे शालेय शिक्षण अथलोनजवळच्या समरहिल या कॅथलिक विद्यालयात झाले. पुढे तो गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजात गेला. येथे वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. सरकारने स्थापलेली ही क्वीन्स कॉलेजे कोणत्याही पंथाची नव्हती आणि त्यांत धर्मशिक्षणाला स्थान नव्हते. म्हणून त्यांना ‘निरीश्वर कॉलेजे’ असे नाव पडले होते आणि १८५० साली थर्ल्झ येथे भरलेल्या आयरिश महागुरूंच्या धर्मसभेने त्यांचा निषेध केला होता. तरीही अनेक मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबांनी आपली मुले तेथे पाठवली, कारण नोकरीचा दुसरा दरवाजा जवळपास नव्हता. धर्माज्ञा आणि पोट यांच्या कात्रीत सापडलेले पालक केवळ आपल्याकडेच असतात असे नाही.

१८५५पासून हिंदुस्थानच्या मुलकी सेवेत प्रवेश स्पर्धापरीक्षेने मिळू लागला होता. त्यापूर्वी कंपनीच्या संचालकांच्या वशिल्यावाचून तिथे पाऊल ठेवणे अशक्य होते, आणि मेयोमधल्या एका कॅथलिक मुलाचा संचालकांकडे वशिला असणार कुठून? परीक्षेने ही अडचण दूर केली. १८६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मॅकडॉनेल कलकत्त्यास दाखल झाला आणि त्याची नेमणूक बंगाल प्रांतात झाली. बिहार तेव्हा बंगालचाच भाग होता.

बिहारातच त्याचे खरे शिक्षण झाले असे आम्ही मानतो. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक आणि दुष्काळनिवारणाचा अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला आणि साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास खर्च केला. भूकबळी जवळजवळ झाले नाहीत. हे यश इतके मोठे होते की लंडनमध्ये त्याची वाहवा होण्याऐवजी टेंपलवर उधळपट्टीचा आरोप झाला! माणसे मेली नाहीत, म्हणजे दुष्काळ नव्हताच, असा हा अजब न्याय. या कामावर असलेल्या तरुण मॅकडॉनेलने बिहार-बंगालमधील धान्यपुरवठा आणि मदतकार्य यांचा आकडेवारीनिशी आढावा घेणारा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. टेंपलने मात्र टीकेचा नको तो धडा घेतला. १८७६-७८च्या दक्षिणेतील महादुष्काळात त्याने कामकऱ्यांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. आपल्या दख्खनमधील दुष्काळी कामांवर लोकांनी त्याविरुद्ध संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे हाच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

त्या सुजलाम् बिहारात लोक उपाशी का मरतात, या प्रश्नाचे मॅकडॉनेलला मिळालेले उत्तर पावसात नव्हते, जमिनीच्या हक्कात होते. कायमधाऱ्याच्या पद्धतीत सरकार जमीनदाराकडून ठरावीक सारा घेई. जमीनदार कुळाकडून काय घेतो याला धरबंध नव्हता. १८५९च्या कायद्याने असे ठरवले होते की एकच जमीन सलग बारा वर्षे कसणाऱ्या कुळास कायम वहिवाटीचा हक्क मिळावा. जमीनदारांनी यातून पळवाट शोधली. अकराव्या वर्षी कुळाला त्या शेतातून उठवायचे आणि शेजारचे शेत द्यायचे. कुळ त्याच गावात पिढ्यानपिढ्या राही, पण कायद्याच्या दृष्टीने ते कायमचे उपरे ठरे. १८८५च्या बंगाल कूळकायद्याने ही पळवाट बंद केली. शेत बदलले तरी चालेल, गावात बारा वर्षे जमीन कसली की हक्क मिळाला. या कायद्याच्या घडणीत मॅकडॉनेलचा मोठा वाटा होता आणि बड्या जमीनदारांचा रोषही त्याने पत्करला. चार वर्षांपूर्वीच, १८८१ साली, ग्लॅडस्टनने आयर्लंडच्या कुळांसाठी रास्त खंड आणि स्थिर वहिवाट देणारा कायदा केला होता. दोन्ही देशांतील प्रश्न एकच आहे हे ओळखणाऱ्या मोजक्या अंमलदारांत मेयोचा हा मनुष्य असावा यात नवल नाही.

पुढची बढतीची पायरी भराभर चढली गेली. तो हिंदुस्थान सरकारचा गृहसचिव झाला, काही काळ ब्रह्मदेशाचा कारभार त्याने पाहिला आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर म्हणून तो नागपुरास आला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी जिल्हे त्याच्या हाताखाली होते. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली नुकताच स्थापन झाला होता, म्हणजे प्रांताचा सर्वोच्च अधिकारी आणि तेथील महागुरू एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे होते. परंतु येथला त्याचा मुक्काम थोडा होता. व्हाइसरॉयच्या मंडळात काही काळ काढून १८९५ साली तो वायव्य प्रांत व अवध, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश, याचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. करड्या शिस्तीमुळे आणि तापट स्वभावामुळे त्याला तोवर ‘बंगालचा वाघ’ हे टोपणनाव मिळाले होते. हाताखालच्या लोकांना तो प्रिय होता असे म्हणता येत नाही.

१८९६-९७चा दुष्काळ त्याच्या प्रांतात त्याने ज्या तडफेने हाताळला तिची सरकारने दखल घेतली. परंतु त्याचे नाव उत्तर हिंदुस्थानात घरोघर झाले ते १८ एप्रिल १९०० रोजी काढलेल्या एका हुकुमामुळे.

त्या प्रांतात १८३७ नंतर फारसी भाषा कचेरीतून गेली तरी तिची लिपी राहिली. उर्दू ही कचेरीची भाषा झाली आणि समन्स, नोटिसा, अर्ज सारे फारसी लिपीत चाले. (आपल्याकडेही सरकारी दफ्तर मोडीत आणि छापील पुस्तके बाळबोधीत अशी दुहेरी व्यवस्था होती, पण मोडी काय, बाळबोध काय, दोन्ही लिपींना कोणी धर्म चिकटवला नव्हता.) १८९३ साली काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. पंडित मदनमोहन मालवीय यांनी नागरीच्या बाजूने मोठा अभ्यासपूर्ण निबंध लिहिला आणि मार्च १८९८मध्ये एका शिष्टमंडळाने लेफ्टनंट गव्हर्नरास निवेदन दिले. प्राथमिक शाळेत नागरी शिकलेल्या मुलाला कचेरीत तिचा काडीचा उपयोग नसेल तर तो शिकेल कशाला, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. बिहारात नागरी व कैथी लिपींना कचेरीचे दार पूर्वीच उघडले होते आणि मॅकडॉनेलने त्याचा परिणाम जवळून पाहिला होता. दोन वर्षे विचार करून त्याने हुकूम काढला. अर्जदाराने नागरी वा फारसी, हव्या त्या लिपीत अर्ज करावा. लोकांना जाणारी समन्से आणि जाहीरनामे दोन्ही लिपींत निघावेत. आणि केवळ इंग्रजीत चालणाऱ्या कचेऱ्या सोडल्यास इतरत्र कारकुनाच्या जागी दोन्ही लिपी लिहिता-वाचता येणाऱ्यासच नेमावे.

पहिली दोन कलमे न्याय्य होती याविषयी आम्हांस शंका वाटत नाही. सरकारचा हुकूम ज्याच्यावर बजावायचा त्याला तो वाचता यावा, यात कोणाचे काय जाते? खरी ठिणगी तिसऱ्या कलमात होती. कारकुनी हा उर्दू जाणणाऱ्या मुसलमान आणि कायस्थ घराण्यांचा पिढीजात व्यवसाय होता. अलीगढच्या कॉलेजचे सचिव नवाब मोहसिन-उल-मुल्क यांच्या पुढाकाराने मे महिन्यात अलीगढला आणि ऑगस्टमध्ये लखनौला निषेधसभा झाल्या. त्यावर मॅकडॉनेलने जे केले ते कोणत्याही मापाने शोभणारे नव्हते. तो अलीगढला गेला आणि कॉलेज चालवायचे की उर्दूची चळवळ, यांपैकी एक काय ते निवडा, असे विश्वस्तांना त्याने बजावले. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेपुढे दुसरा मार्ग नव्हता. नवाबांनी चळवळीचे पद सोडले. मॅकडॉनेलने कर्झनला लिहिलेल्या खाजगी पत्रांवरून हेही दिसते की या निर्णयामागे केवळ खेडुताची सोय नव्हती. मुसलमानांपेक्षा हिंदूंचे वर्चस्व सरकारला अधिक मानवेल, असा हिशेबही त्यात होता. बळजबरीने दाबलेली ही नाराजी नाहीशी झाली नाही. सहा वर्षांनी, १९०६ साली, ढाक्यात मुस्लिम लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या आधारस्तंभांत मोहसिन-उल-मुल्क होते. आयर्लंडमध्ये इंग्रजांनी आयरिश भाषेचे काय केले हे ज्याला ठाऊक होते, त्याने लिपीच्या प्रश्नात अधिक हळुवार हाताने काम करावयास हवे होते असे आम्हांस वाटते. त्याच्यानंतर आलेल्या लेफ्टनंट गव्हर्नराने पुष्कळशी मवाळ भूमिका घेतली.

मॅकडॉनेलचे सर्वांत मोलाचे काम मात्र त्याच्या हिंदुस्थानातील अखेरच्या वर्षाचे. १८९९-१९००च्या दुष्काळाला गुजरात-राजस्थानात अजूनही ‘छपनिया’ म्हणतात. मुंबई इलाख्यात गुजरात, खानदेश आणि दख्खन यांना त्याने झोडपले. जुलै १९०० मध्ये देशभर ६० लाखांवर माणसे सरकारी मदतीवर जगत होती. या दुष्काळाच्या चौकशीसाठी कर्झनने जो आयोग नेमला त्याचे अध्यक्षपद मॅकडॉनेलकडे आले आणि १९०१ साली अहवाल प्रसिद्ध झाला.

त्या अहवालातील एक विचार आजही जुना झालेला नाही. दुष्काळ आल्यावर माणूस आधी धीर सोडतो, मग गुरे विकतो, मग घर सोडतो आणि शेवटी मदतीच्या कामावर येतो तेव्हा त्याच्या अंगात काही उरलेले नसते. म्हणून सरकारने पाऊस हुकताच, लोक कोसळण्यापूर्वी, हात पुढे करावा; तगाई तत्काळ द्यावी, सारावसुली थांबवावी आणि ही सवलत आधीच जाहीर करावी, म्हणजे शेतकरी गावातच पाय रोवून उभा राहील. याला आयोगाने नैतिक धोरण म्हटले. मुंबई सरकारच्या कारभारावर अहवालाने कडक ताशेरे ओढले. येथली सारावसुली अतिशय ताठर होती. इलाख्यातील निदान एक चतुर्थांश शेतकऱ्यांच्या ताब्यातून जमिनी गेल्या असाव्यात, एक पंचमांशाहूनही कमी शेतकरी कर्जमुक्त आहेत आणि बाकीचे कमीअधिक प्रमाणात सावकाराचे देणेकरी आहेत, असे आयोगाने लिहून ठेवले. हे लिहिणारे कोणी राष्ट्रीय सभेचे पुढारी नव्हते, सरकारनेच नेमलेले लोक होते. त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली आणि सरकारजमा झालेली जमीन पुन्हा विकता वा गहाण टाकता येणार नाही अशा अटीवर देण्याचा अधिकार घेतला. फिरोजशहा मेहता, गोखले आदी सभासद कायदेमंडळातून उठून बाहेर पडले.

आयोगाने दुसरी शिफारस केली ती परस्पर पतपुरवठ्याच्या संस्थांची. मद्रासचा मुलकी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन हा आयोगाचा सभासद होता आणि जर्मनीतील रायफायझन पतपेढ्यांचा त्याने आधीच सखोल अभ्यास केला होता. आपसांत ओळख असलेल्या गावकऱ्यांनी आपापली लहान बचत एकत्र करावी आणि एकमेकांच्या जामिनकीवर कर्ज द्यावे, ही ती कल्पना. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ साली तो विस्तारला. आणि १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिकांची जी सहकारी पतसंस्था उभी राहिली आणि पुढे बँक झाली, ती याच कायद्याच्या परंपरेतील होय. वसईच्या आगरांतील केळीच्या बागा सावकाराच्या पाशातून सुटण्यामागे कलकत्त्याच्या दफ्तरातील एक अहवालही होता, हे आमच्या वाचकांना कळले तर वावगे ठरू नये.

या आयोगापुढे एक असा विषय आला की तो आपणांस जरा अवघड वाटेल. दुष्काळात आईबाप गमावलेल्या हजारो मुलांना ख्रिस्ती मिशनांनी आश्रय दिला होता. कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी, प्रॉटेस्टंट मिशने, केडगावात पंडिता रमाबाई, या सर्वांनी जीव ओतून ते काम केले. आर्य समाजाचे लाला लजपतराय यांनी आयोगापुढे साक्ष देताना तक्रार केली की सरकारी अधिकारी हिंदू मुलांना त्यांच्या धर्मबांधवांकडे देण्याऐवजी सरळ मिशनांच्या हवाली करतात. अध्यक्षस्थानी स्वतः कॅथलिक होता. तरीही लजपतरायांनी पुढे लिहून ठेवले की आयोगाने त्यांच्या तक्रारीत तथ्य मानले आणि त्यानंतर नियम बदलून कडक करण्यात आले. ज्यांनी ती मुले वाचवली त्यांच्या पुण्याईला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु पोरक्या मुलाच्या भुकेचा कोणी लाभ उठवला असा संशयही राहू नये, ही अपेक्षा रास्त होती. आणि आयर्लंडमध्ये दुष्काळाच्या दिवसांत रस्सा देऊन कॅथलिकांना प्रॉटेस्टंट करू पाहणाऱ्यांविषयी लोकांत किती तिरस्कार होता, हे मॅकडॉनेलला कोणी सांगावयास नको होते.

१९०१ साली त्याने हिंदुस्थान सोडला. विश्रांतीची अपेक्षा होती, पण पुढच्याच वर्षी आयर्लंडचा मुख्य सचिव जॉर्ज विंडम याने त्याला डब्लिनमध्ये अंडर-सेक्रेटरीचे पद देऊ केले. स्वीकारताना त्याने स्पष्ट कळवले की आपण आयरिश आहोत, रोमन कॅथलिक आहोत आणि विचाराने लिबरल आहोत. डब्लिनच्या किल्ल्यात हे तिन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडणे त्या काळी अपशकुनच होता. शिवाय त्याचा सख्खा भाऊ मार्क आयरिश राष्ट्रीय पक्षाचा पार्लमेंटमधील सभासद होता. एक भाऊ साम्राज्याचा कारभार करणारा, दुसरा त्या साम्राज्यापासून स्वराज्य मागणारा, आणि दोघे एकाच घरचे.

डिसेंबर १९०२ मध्ये लॉर्ड डनरेव्हन यांच्या अध्यक्षतेखाली जमीनदारांचे आणि कुळांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांच्या समझोत्यावर १९०३चा प्रसिद्ध जमीनकायदा बेतला गेला. त्याचे श्रेय विंडमला दिले जाते. पण तपशील घडवणाऱ्यांत बिहारच्या शेतांतून आलेला हा अंमलदार आघाडीवर होता. कायद्याची गोम अशी की जमीनदाराला सरकारने रोख किंमत द्यावी आणि वर बारा टक्के बक्षीस द्यावे. कुळाने सरकारचे कर्ज साडेअडुसष्ट वर्षांत, शेकडा सव्वातीनच्या वार्षिक हप्त्याने फेडावे. हा हप्ता बहुधा आधीच्या खंडाहून कमी पडे. बंगालमध्ये जे करता आले नव्हते, म्हणजे कुळाला नुसता वहिवाटदार न ठेवता मालक करणे, ते येथे साधले. लाखो एकर जमीन कसणाऱ्यांच्या नावे झाली. मेयोमध्ये ज्यांच्या आज्याची छपरे उतरवली गेली होती, ते आपल्या शेताचे धनी झाले.

एवढ्यावर तो थांबला असता तर आयुष्य सुखाने संपले असते. १९०४ साली डनरेव्हनने आयर्लंडला मर्यादित स्वायत्तता देण्याची एक योजना प्रसिद्ध केली आणि तिचा मसुदा करण्यात मॅकडॉनेलचा हात होता हे बाहेर फुटले. युनियनवाद्यांनी काहूर माजवले. मॅकडॉनेलने विंडमला याविषयी पत्राने कळवलेही होते, पण मंत्र्याने ते नीट वाचलेच नव्हते. मार्च १९०५ मध्ये विंडमला राजीनामा द्यावा लागला. मॅकडॉनेल टिकला. १९०७ साली लिबरल सरकारने आयरिश मंडळाचे बिल आणले तेव्हा त्याला वाटले की आता आपले स्वप्न पुरे होणार. पण राष्ट्रवाद्यांना ते फारच तोकडे वाटले आणि शिक्षणाची सूत्रे नव्या मंडळाकडे जातील म्हणून महागुरूही प्रतिकूल होते. डब्लिनच्या अधिवेशनात ते बिल मे महिन्यात फेटाळले गेले. ज्याला इंग्रज पक्षपाती कॅथलिक म्हणत होते, त्यालाच कॅथलिक आयर्लंडने पाठ दाखवली. वरून, अंमलदाराच्या लेखणीतून उतरलेली सुधारणा त्या देशाला आता नको होती; देशाला स्वतःची सत्ता हवी होती. हिंदुस्थानात छत्तीस वर्षे हुकूम काढण्याची सवय लागलेल्या माणसाला हा फरक उमगला असे दिसत नाही.

१९०८ साली तो निवृत्त झाला आणि त्याला स्विनफर्डचा बॅरन मॅकडॉनेल ही पदवी मिळाली. स्विनफर्ड हे त्याच्याच मेयोमधील गाव. १९१७-१८च्या आयरिश परिषदेत त्याने पुन्हा एकदा मध्यममार्ग सुचवून पाहिला. तोवर १९१६च्या उठावाने मध्यममार्गाची वाट बंद केली होती. ९ जून १९२५ रोजी लंडनमध्ये तो वारला. आयर्लंडची फाळणी होऊन तीन-चार वर्षे झाली होती. पुत्र नसल्यामुळे पदवी त्याच्याबरोबरच संपली.

अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, मालवीयजींनी वर्गण्या गोळा करून हिंदू विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह बांधले त्याला त्यांनी या कॅथलिक आयरिश अंमलदाराचे नाव दिले होते : मॅकडॉनेल युनिव्हर्सिटी हिंदू बोर्डिंग हाउस. लोक त्याला आता नुसते हिंदू होस्टेल म्हणतात.